मदत ही मर्जी की हक? रोहिंग्या, कोरोना आणि ब्रिटनचे ०.७ टक्के

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरातील भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला दिलेला विषय आहे 'कोरोना, निर्वासित आणि श्रीमंत देशांची मदत'. एवढा विषय तासाभरात मांडायचा म्हणजे जगाचा नकाशा भिंतीवर लावून त्यावरून नुसता हात फिरवायचा. ते मी करणार नाही. मी एकच छावणी घेतो, बांगलादेशातल्या कॉक्स बाजारची, आणि मदत देणारा एकच देश घेतो, ब्रिटन. सकाळच्या सत्रात एका मित्राने विचारलं होतं की ब्रिटनचं आपल्याला काय, मुस्लिम देशांनी काय केलं ते सांगा. त्यावरही येतो, पण शेवटाकडे.

आधी छावणी समजून घेऊ. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून जास्त रोहिंग्या नाफ नदी आणि डोंगर ओलांडून बांगलादेशात आले. आधीचे धरून २०२० मध्ये उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांतल्या छावण्यांत साडेआठ लाखांच्या वर माणसं राहत होती. त्यातली कुतुपालोंग ही जगातली सर्वांत मोठी छावणी. बांबूच्या झोपड्या, वर ताडपत्री, उतारावर एकाला एक खेटून. दर चौरस किलोमीटरला सुमारे चाळीस हजार माणसं. धारावीत वाढलेले कोणी इथे असतील तर त्यांना गर्दीचं नवल वाटणार नाही. पण धारावीतला माणूस सकाळी उठून लोकल पकडू शकतो. कुतुपालोंगमधला माणूस छावणीबाहेर कामाला जाऊ शकत नाही. त्याला तशी परवानगीच नाही. म्हणजे तांदूळ, गॅस, साबण, औषध, सगळं कोणीतरी दिलं तरच मिळणार. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

अशा ठिकाणी कोरोना आला. मार्च २०२० मध्ये जगभर सांगत होते, दोन हात अंतर ठेवा. जिथे दोन झोपड्यांमध्ये दोन हात अंतर नाही तिथे हे सांगायचं कसं? त्यात बांगलादेश सरकारने सप्टेंबर २०१९ पासून छावण्यांतलं मोबाइल इंटरनेट बंद ठेवलेलं. ते सुरू झालं ऑगस्ट २०२० च्या अखेरीस. म्हणजे साथीचे पहिले पाच महिने तिथे खऱ्या माहितीपेक्षा अफवा जास्त. ताप आला म्हणून दवाखान्यात गेलात तर उचलून नेतात, परत येऊ देत नाहीत, अशा. या अफवा आपल्या मोहल्ल्यांतही होत्या, आठवत असेल. बाहेरून येणाऱ्या मदत कर्मचाऱ्यांची संख्या सरकारने ऐंशी टक्क्यांनी कमी केली होती. मग काम पडलं कोणावर? रोहिंग्यांवरच. हजारावर रोहिंग्या आरोग्य स्वयंसेवक दारोदार फिरले, मशिदींचे इमाम आणि मुअज्जिन यांनी भोंग्यावरून हात धुण्याचे आणि लक्षणं सांगण्याचे निरोप दिले, बायकांनी कापडी मास्क शिवले. १४ मे २०२० ला पहिला रुग्ण सापडला. त्याच महिन्यात उखियामध्ये श्वसनाच्या गंभीर रुग्णांसाठी विलगीकरण आणि उपचार केंद्र उघडलं. पुढे अशी आणखी केंद्रं झाली, आणि ती छावणीतल्या लोकांबरोबर आजूबाजूच्या बांगलादेशी गावकऱ्यांसाठीही होती.

सगळ्यांना भीती होती की तिथे प्रेतांचा खच पडेल. तसं झालं नाही. नोंदलेले मृत्यू काही डझनांत राहिले. चाचण्या कमी झाल्या, वस्ती तरुण आहे, ही कारणं असतीलच. पण वेळेवर आलेला पैसा आणि लोकांनी स्वतः केलेलं काम हेही त्यात आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे परदेशी मदत म्हटली की एक तर तिला नमस्कार करतात नाहीतर ते सगळं ढोंग म्हणून मोकळे होतात. त्या पैशातून ऑक्सिजन आला, बेड आले. ते ढोंग नव्हतं.

आता तो पैसा बघू. रोहिंग्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि इतर संघटना मिळून दरवर्षी एक आवाहन काढतात. २०२० च्या मार्चमध्ये ८७ कोटी ७० लाख डॉलर मागितले होते. कोरोनासाठी त्यात १८ कोटी १० लाखांची भर पडली. एकूण झाले एक अब्जाच्या वर. ऑक्टोबर उजाडला तरी निम्मेही जमले नव्हते. म्हणून २२ ऑक्टोबर २०२० ला एक देणगीदार परिषद झाली, ऑनलाइन. यजमान होते अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघ आणि संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था. तिथे सुमारे ६० कोटी डॉलरची आश्वासनं मिळाली. अमेरिकेने जवळजवळ २० कोटी डॉलर सांगितले, युरोपीय संघाने ९ कोटी ६० लाख युरो, ब्रिटनने ४ कोटी ७५ लाख पौंड. ब्रिटन तिथे नुसता पैसे देणारा नव्हता, यजमान होता. इतर देशांनो, हात आखडता घेऊ नका, असं सांगायला जो उभा राहतो, त्या जागेवर होता.

आणि बरोबर चौतीस दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, ब्रिटनचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी संसदेत जाहीर केलं की परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणणार.

हे ०.७ काय आहे ते नीट समजून घ्या. १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव झाला की श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के गरीब देशांच्या विकासाला द्यावेत. बहुतेकांनी ते कधीच पाळलं नाही. ब्रिटनने २०१३ मध्ये तो टप्पा गाठला आणि २०१५ मध्ये त्याचा कायदाच केला. हे कौतुकाचं होतं. एखाद्या सरकारने स्वतःच स्वतःचे हात बांधून घेणं रोज दिसत नाही. मग कोरोना आला, ब्रिटनची अर्थव्यवस्था एका वर्षात सुमारे १० टक्क्यांनी आकसली, कर्ज प्रचंड वाढलं. सरकारचं म्हणणं असं की घरात आणीबाणी असताना बाहेर एवढं देणं लोकांना पटवून देता येत नाही. परिस्थिती सुधारली की परत ०.७ वर येऊ.

वरवर पाहता हे बरोबर वाटतं. घरात अडचण आहे, कमी देऊ. पण थोडं गणित करा. टक्केवारीची सोय यासाठीच असते की उत्पन्न कमी झालं तर रक्कम आपोआप कमी होते. तुमचं उत्पन्न १ लाख असेल तर ०.७ टक्के म्हणजे ७०० रुपये. उत्पन्न ९० हजारांवर आलं तर ६३० रुपये. अडचण हिशोबात आधीच धरली गेली. आता टक्केवारीही ०.५ केली तर होतात ४५० रुपये. पहिली कपात अडचणीमुळे झाली, दुसरी इच्छेने. ब्रिटनच्या बाबतीत पहिली कपात जुलै २०२० मध्येच झाली होती. उत्पन्न घसरणार म्हणून त्या वर्षीच्या मदतीतून २.९ अब्ज पौंड कमी केले होते.

आपल्याला हे गणित शिकवावं लागत नाही. जकात काढणाऱ्या घरात वाढलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. जकात साठलेल्या मालमत्तेवर असते आणि ०.७ टक्के उत्पन्नावर, हा फरक आहे. पण रचना तीच आहे. निसाबपेक्षा कमी असेल तर जकात नाही. कमी साठलं तर कमी जकात. पण यंदा धंदा मंद आहे म्हणून अडीचऐवजी पावणेदोन टक्के काढतो, असं म्हणणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? काढतच नाही असा पाहिला असेल. दर बदलणारा नाही. कारण दर त्याच्या हातात नाही. तो हिस्सा मुळात त्याचा नाहीच, ज्याला मिळायचा त्याचा हक आहे, अशी ती कल्पना आहे. जकातीच्या आठ हक्कदारांत वाटेवर अडकलेला मुसाफिरही आहे, हेही इथे आठवायला हरकत नाही. आणि २०२० च्या रमजानमध्ये आपल्या गावागावांत काय झालं? अनेकांनी पुढच्या वर्षाची जकात आगाऊ काढली. लॉकडाऊन लागलं होतं, हातगाड्या बंद, बांधकामं बंद, लोक चालत गावी निघालेले. म्हणून आगाऊ. संकटात दर कमी करण्याच्या अगदी उलट.

मी आपली बढाई मारतोय असं वाटेल, म्हणून आमच्याच कमिटीची गोष्ट सांगतो. आमच्या मोहल्ल्यात आम्ही काही विधवा बायकांना दरमहा ठराविक रक्कम देतो. लॉकडाऊनच्या दुसऱ्या वर्षी एका महिन्यात जमा कमी झाली. आम्ही बैठक घेतली आणि सगळ्यांची रक्कम निम्मी केली. सांगितलं कधी? वाटायला गेलो तेव्हा. एका खालांच्या हातात मी स्वतः पाकीट दिलं. त्यांनी मोजलं आणि म्हणाल्या, "कम देना था तो पैले बोलते ना बेटा. मैं दुकानवाले को जबान दे चुकी." मला वाटलं होतं त्या म्हणतील, जे दिलं ते खूप आहे. त्यांचा आक्षेप रकमेवर नव्हताच. आमच्या शब्दावर त्यांनी महिन्याचं घर मांडलं होतं, किराणा उधार आणला होता. आम्ही बैठकीत आमची जमा बघितली, त्यांची उधारी बघितली नाही. त्या बैठकीत त्यांच्यापैकी कोणी नव्हतं, हे सांगायलाच नको.

लंडनमध्येही तेच झालं, फक्त आकडे मोठे होते. मे २०२१ मध्ये रोहिंग्यांसाठी नवं आवाहन निघालं, ९४ कोटी डॉलरचं. ब्रिटनने जाहीर केले २ कोटी ७६ लाख पौंड. आधीच्या ऑक्टोबरमध्ये ४ कोटी ७५ लाख होते. त्यातला १ कोटीचा हिस्सा बांगलादेशाला कोरोना आणि पूर-वादळांशी लढायला होता, तो वगळला तरी कपात उरतेच. आणि मधल्या काळात छावणीत काय घडलं होतं? २२ मार्च २०२१ ला बालुखालीत आग लागली. सुमारे दहा हजार झोपड्या जळाल्या, पंचेचाळीस हजार माणसं पुन्हा उघड्यावर आली, पंधरा जण गेले. मुलांची शिक्षण केंद्रं मार्च २०२० पासून बंद होती, ती दीड वर्षाने उघडली. साथ ओसरली नव्हती. गरज वाढली तेव्हा हात आखडला.

ब्रिटनमध्ये सगळ्यांनी हे मुकाट्याने मान्य केलं असं नाही. घोषणेच्या दिवशीच परराष्ट्र खात्यातल्या मंत्री लिझ सग यांनी राजीनामा दिला. १३ जुलै २०२१ ला संसदेत मतदान झालं, सरकार ३३३ विरुद्ध २९८ मतांनी जिंकलं. विरोधात मत देणाऱ्यांत त्याच पक्षाच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे होत्या. आणि "सगळ्यांनाच परवडत नव्हतं" हेही खरं नाही. त्याच २०२० मध्ये जर्मनीने ०.७ चा टप्पा ओलांडला. श्रीमंत देशांची एकूण मदत त्या वर्षी वाढून १६१ अब्ज डॉलरवर गेली होती.

ब्रिटनबद्दल आणखी एक गोष्ट. आराकान, म्हणजे आजचा राखाइन, इंग्रजांनी १८२६ मध्ये घेतला. म्यानमारचा १९८२ चा नागरिकत्व कायदा कोणाला मूळचं मानतो? ज्यांचे पूर्वज १८२३ च्या आधीपासून तिथे होते, त्यांना. म्हणजे इंग्रज येण्याच्या आधीची रेघ. रोहिंग्या सगळे इंग्रजांच्या मागून आलेले परके, असा तिथल्या सरकारचा दावा, आणि त्या दाव्यावर लाखो लोकांचं नागरिकत्व गेलं. अपराध म्यानमारच्या लष्कराचा आहे, पण रेघ ज्या तारखेवर ओढली ती तारीख ब्रिटिश साम्राज्याची आहे. रत्नागिरीच्या मित्रांना थिबा पॅलेस माहीतच आहे. १८८५ मध्ये मंडालेहून उचललेला राजा १९१६ पर्यंत तिथे सरकारी तनख्यावर जगला आणि तिथेच मेला. ब्रह्मदेशातल्या माणसांना उखडण्याचा हिशोब एवढा जुना आहे. त्यामुळे ब्रिटनची मदत मला निव्वळ दानधर्म वाटत नाही.

आता आपल्या अंगणातला एक मुद्दा. लस. छावण्यांतलं लसीकरण २०२१ च्या मार्चअखेरीस सुरू व्हायचं ठरलं होतं, ते लसीअभावी पुढे गेलं. बांगलादेशाने ३ कोटी डोसांचा करार केला होता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी. सुमारे ७० लाख पोचल्यावर पुरवठा थांबला, कारण आपल्याकडे दुसरी लाट आली आणि आपल्या सरकारने निर्यात रोखली. त्या एप्रिलमध्ये आपण ऑक्सिजनसाठी रांगेत होतो, स्मशानं आणि कब्रस्तानं कमी पडत होती. मी निर्यात रोखण्याला सरसकट चूक म्हणायला धजणार नाही. माझ्या घरच्यांनाही लस हवीच होती. पण आपल्या दंडात गेलेली सुई आणि कुतुपालोंगच्या म्हाताऱ्याला न मिळालेली सुई एकाच रांगेतली होती, एवढं तरी कळायला हवं. छावणीत पंचावन्नच्या वरच्या लोकांना लस सुरू झाली १० ऑगस्ट २०२१ ला. याउलट जॉर्डनने, जो काही श्रीमंत देश नाही, जानेवारी २०२१ मध्येच आपल्या नागरिकांबरोबर निर्वासितांना लस द्यायला सुरुवात केली होती. वेगळी रांग केली नाही.

आता सकाळचा प्रश्न, मुस्लिम देशांनी काय केलं. सर्वांत मोठं देणं बांगलादेशाचं आहे. ज्या देशात शेतीला इंचभर जमीन मोकळी नाही त्याने साडेआठ लाखांना जागा दिली. ते कुठल्याही देणगीच्या यादीत पौंड-डॉलरमध्ये येत नाही. इंटरनेट त्यानेच बंद केलं, काम करायला त्यानेच बंदी घातली, हेही बोललं पाहिजे. गांबिया या छोट्या देशाने म्यानमारला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. आणि मलेशियाने एप्रिल २०२० मध्ये कोरोनाचं कारण देऊन सुमारे दोनशे रोहिंग्यांची बोट समुद्रात परत लोटली. त्याच सुमारास दुसरी एक बोट दोन महिने भरकटून बांगलादेशाच्या किनाऱ्याला लागली. जवळजवळ चारशे माणसं, उपाशी, हाडांची कापडं झालेली. बरीच वाटेतच गेली होती. कलमा एक असणं पुरेसं पडलं नाही.

जूनमध्ये इंडोनेशियाच्या आचे प्रांतात आणखी एक बोट आली. नव्याण्णव माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. अधिकाऱ्यांचा विचार त्यांना पुन्हा समुद्रात पाठवायचा, कारण कोरोना. लांचोक गावचे मच्छीमार ऐकेनात. त्यांनी स्वतःच्या होड्या काढल्या, दोर लावले आणि लोकांना किनाऱ्यावर आणलं. गावाने जेवण आणि कपडे आणले. मग अधिकाऱ्यांनी चाचण्या केल्या. आचेच्या कोळ्यांत समुद्राचा एक जुना कायदा आहे, बुडणाऱ्याला बाहेर काढायचंच, तो कोण आहे हे नंतर विचारायचं. कोकणातल्या आपल्या दालदी भावांना हे वेगळं सांगायला नको. या मच्छीमारांकडे कुठलाही अर्थसंकल्प नव्हता. पण त्यांचा नियम वाऱ्याप्रमाणे बदलत नव्हता.

म्हणून कोणी म्हणेल, सरकारं सोडा, आपणच वर्गणी काढू. मला हे पटत नाही. मच्छीमार माणसाला किनाऱ्यावर आणू शकतो, साडेआठ लाखांचं रोजचं रेशन देऊ शकत नाही. साथ संपल्यावर काय झालं बघा. २०२३ मध्ये पैसा आटला म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाला माणशी महिन्याचं रेशन १२ डॉलरवरून मार्चमध्ये १० वर आणि जूनमध्ये ८ वर आणावं लागलं. ८ डॉलरमध्ये महिनाभर जेवायचं. तेव्हा कोरोनाचं कारण नव्हतं. देणाऱ्यांचं लक्ष युक्रेनकडे आणि स्वतःच्या महागाईकडे गेलं होतं. एकदा दर मर्जीवर गेला की कारण कुठलंही पुरतं. त्यामुळे सरकारांना त्यांच्या टक्केवारीवर धरून ठेवणं हे राजकीय काम आहे, आणि ते जकातीने भरून निघत नाही.

आमच्या कमिटीत आम्ही त्या प्रसंगानंतर दोन गोष्टी केल्या. तीन महिन्यांची रक्कम बाजूला ठेवतो, तिला हात लावत नाही. आणि कमी करायची वेळ आलीच तर एक महिना आधी घरी जाऊन सांगतो. तिसरी गोष्ट अजून झालेली नाही. बैठकीत घेणाऱ्यांपैकी एकीला बसवायचं मी दोनदा मांडलं, दोन्ही वेळा ज्येष्ठ मंडळी म्हणाली, बघू. येत्या रमजानच्या आधी पुन्हा मांडणार आहे. तुमच्या गावात अशी कमिटी असेल तर तिथे हे करून बघा आणि काय उत्तर मिळतं ते मला कळवा.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या ताईंचा हात मघापासून वर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.